पेचकस नंतर, बॅकअप आधी: घरच्या जुन्या कॉम्प्युटरची दुरुस्ती

आठ-दहा वर्षं जुना सीपीयू उचलून नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानात नेला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून देऊ का भाऊ? घंट्याभरात होते." मशीन रडतखडत चालतं आहे हे खरं, आणि फॉरमॅटने ते काही महिने पळेलही. पण त्या घंट्याभरात बारशाचे फोटो, सोसायटीचे पाच वर्षांचे हिशेब, कोणाचा तरी अर्धवट प्रबंध असं सगळं साफ होतं. यात दुकानदाराला दोष देता येत नाही. त्याने विचारलेलं असतं आणि आपण "हो, मारा" म्हटलेलं असतं.

म्हणून या लेखात दुरुस्ती उत्तरार्धात आहे. कॉम्प्युटर अजून चालू होतो आहे, कण्हत का होईना, तोवर त्यातलं सामान बाहेर काढून घ्यायचं. मग तो बिघडला तरी फक्त एक यंत्र बिघडतं.

काय परत मिळतं आणि काय नाही

सुरुवात कागद-पेनाने करा. घरातल्या सगळ्यांना विचारून दोन याद्या करा. पहिलीत जे पुन्हा मिळवता येतं ते: डिजिटल सहीचा सातबारा, आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट्स, डिजिलॉकरमध्ये येणाऱ्या गुणपत्रिका, डाउनलोड केलेले सिनेमे, सॉफ्टवेअर. यांच्यासाठी रात्र जागवायची गरज नाही. दुसऱ्या यादीत जगात दुसरी प्रत नसलेलं: फोटो, लग्नाचं शूटिंग, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, स्वतः लिहिलेलं काहीही, धंद्याचा टॅलीचा डेटा. ही दुसरी यादी आधी वाचवायची. जागा आणि वेळ उरला तर पहिली.

फाइली कुठे दडतात याचाही अंदाज घ्या. आपल्याकडे निम्मं घर डेस्कटॉपवर सेव्ह करतं, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. फॉरमॅटमध्ये तो पहिला जातो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स यांचंही तेच. टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे हे कंपनी निवडायच्या स्क्रीनवर दिसतं, तो पत्ता लिहून घ्या. आउटलुकमध्ये जुने ईमेल असतील तर त्यांची पीएसटी फाइल आउटलुक बंद करूनच कॉपी करा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बहुतेक जण विसरतात. एक्स्पोर्ट करून घेतलेली पासवर्डची फाइल कोणालाही उघडून वाचता येते, तेव्हा ती जपून ठेवा आणि काम झालं की पुसा.

"माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, त्याला काही होत नाही" असं खूप जण म्हणतात. विंडोज पुन्हा टाकताना डी वाचतो, इतपत हे खरं आहे. पण घरच्या बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बसली की दोन्ही बसतात.

आता खास मराठी घरांचा घोळ. २००० ते २०१० च्या सुमारास टाइप केलेलं बरंचसं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत, नाही. ते श्रीलिपी, कृतिदेव, किंवा सीडॅकच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फाँटमध्ये आहे. त्या फाइली जशाच्या तशा कॉपी होतात, पण नव्या मशीनवर उघडल्या की तो फाँट नसल्यामुळे सगळीकडे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून अशा फाइली शोधून तीन गोष्टी करा. फाइल कॉपी करा. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँट उचलून तिच्याजवळच ठेवा. आणि जुन्या मशीनवर फाइल नीट दिसते आहे तोवरच तिची पीडीएफ काढून ठेवा. विंडोज १० मध्ये प्रिंट देताना पीडीएफचा पर्याय असतोच. पेजमेकरमध्ये जुळवलेली स्मरणिका किंवा कुळाचा इतिहास घरात असेल तर पीडीएफ आजच काढा. श्रीलिपीला यूएसबीचं लॉक लागत असेल तर तेही ड्रॉवरमध्ये भिरकावू नका, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतं. निळं 'गुड' दिसलं तर शांतपणे कामाला लागा. पिवळं 'कॉशन' दिसलं तर दुसरं काहीही न करता कॉपी सुरू करा. लाल असेल तर फक्त सगळ्यात मौल्यवान फोल्डर आधी काढा. 'गुड' म्हणजे हमीपत्र नव्हे, काही डिस्क काही न सांगता जातात.

कानही वापरा. फिरणाऱ्या हार्ड डिस्कची हलकी घरघर चालते. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल तर आतला वाचणारा भाग जागा शोधत धडपडतो आहे. अशा वेळी मशीन बंद करा. परत परत चालू करून "आता होते का बघू" केलं की चकतीवर ओरखडे पडायचा धोका वाढतो. ही डिस्क घरी उघडायची नसते, कारण आत धुळीचा एक कणही चालत नाही. फाइली खरोखर मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या, आणि काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

आणखी एक सवय मोडा. डिस्क आजारी दिसली की लोक तिच्यावर 'चेक डिस्क' चालवतात. तो इलाज फाइल सिस्टिम दुरुस्त करण्यासाठी आहे, मरणाऱ्या डिस्कवर त्याने ताण वाढतो आणि कधी फाइलीही तुटतात. आधी कॉपी, मग इलाज.

कॉपी करताना

एक टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क बहुतेक घरांना पुरते. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, पण पाच वर्षं कपाटात ठेवायला नको. ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यात जात नाही, लग्नाचं शूटिंग तिथेच अडतं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा.

आता पायऱ्या.

१. बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करा. सेटिंगमध्ये जाऊन मशीन झोपी जाण्याची वेळ 'कधीच नाही' करा, नाहीतर जेवून येईपर्यंत कॉपी थांबलेली असते.

२. बाहेरच्या डिस्कवर तारखेचं फोल्डर करा आणि त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं. नीट लावालावी आत्ता करत बसू नका. फोटो निवडणं, डुप्लिकेट काढणं हे पावसाळ्यातल्या दुपारचं काम आहे.

३. कॉपी करा, कट कधीच नाही. मधेच लाइट गेली तर कटमध्ये फाइल अधांतरी राहते.

४. अख्खा ड्राइव्ह एकदम ओढू नका. एकेक फोल्डर घ्या, दुसऱ्या यादीतलं सगळ्यात मोलाचं पहिलं.

कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' उघडून वेगाचा आलेख पाहत राहा. निरोगी जुनी डिस्क मोठ्या फाइलींना सेकंदाला ८०-१०० एमबीच्या आसपास देते, हजारो बारीक फाइली असल्या की वेग बराच उतरतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एकाच फाइलवर आलेख जमिनीला टेकतो, हिरवी पट्टी थिजते, उरलेला वेळ दोन तासांवरून चार दिवसांवर जातो, आणि मग एकदम उसळी मारून सगळं पुढे सरकतं: हे खराब सेक्टरचं, म्हणजे डिस्कवरच्या नीट न वाचता येणाऱ्या जागेचं लक्षण. त्या फाइलचं नाव लिहून घ्या, 'स्किप' दाबा, पुढे चला. अडलेल्या फाइली शेवटी. एका फोटोसाठी हट्ट धरून डिस्कचा उरलेला जीव खर्ची घालू नका.

५. झालं की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या जुळवा. मग ती डिस्क शेजारच्या किंवा भावाच्या लॅपटॉपला लावून इकडच्या-तिकडच्या दहा-बारा फाइली उघडून पाहा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळे हेच टाळतात. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

एक प्रत म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. या धंद्यात ३-२-१ असा ठोकताळा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरासाठी याचा अर्थ असा: एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर किंवा अमरावतीच्या बहिणीकडे तिच्या कपाटात. गूगल खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा असतो. १ जून २०२१ पासून फोटोंची मोफत अमर्याद साठवणही बंद झाली. तेव्हा क्लाउडवर निवडक कागदपत्रं आणि लेखन चढवा, फोटोंचा ढीग डिस्कवर राहू द्या.

क्लाउडचं सिंक आणि बॅकअप यांतही फरक आहे. सिंक केलेल्या फोल्डरमधून चिरंजीवांनी काही उडवलं की ते तिकडूनही उडतं. काही दिवस कचरापेटीत सापडतं, नंतर नाही. आणि बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. फाइली ओलीस धरणारा व्हायरस आला की तो जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो.

लग्नाच्या सीडी-डीव्हीडी कपाटात असतील तर त्याही याच फेरीत उतरवून घ्या. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उष्णतेने उतरत जातो, आणि नागपुरात दर मे महिन्यात तिची परीक्षाच असते.

मशीन चालूच होत नसेल तर

आधी साधं तपासा. प्लगमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. यूपीएसला बगल देऊन थेट भिंतीला जोडा. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते आणि थकलेला यूपीएस बिघाडाचं सोंग छान वठवतो. मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना दाबून बसवा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग पाहून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

पंखे फिरतात पण विंडोज येत नाही, असं असेल तर फाइली बहुधा शाबूत असतात. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम आहे. दुसऱ्या मशीनवर तिचा पेन ड्राइव्ह तयार करा, जुन्याला लावा, चालू करताना बूट मेन्यूची, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीची कळ दाबा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, 'इन्स्टॉल' दाबायचं नाही. जुने ड्राइव्ह त्यात दिसतात, तिथून कॉपी करून घ्या.

दुसरा मार्ग डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावण्याचा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. तो सोबत येतो का, हे दुकानातच विचारा. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद झालेली डिस्क ४८ आकडी की मागेल. ती अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते.

आता पेचकस

प्लग काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. सगळ्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा. पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएसचा डबा, अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहतो. तो बिघडला असेल तर अख्खा बदलायचा.

नागपुरातल्या जुन्या मशीनचं अर्धं दुखणं धुळीत असतं. प्रोसेसरवरचा पंखा वरून बरा दिसतो. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला की खाली अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये वातीसाठी पिंजलेल्या कापसासारखा करडा थर घट्ट बसलेला सापडतो. हवा तिथून जातच नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तेवढ्याने मशीन स्लो होतं, आणि दुकानात विंडोजवर खापर फुटतं. मऊ ब्रशने थर सोडवा, मग गच्चीवर किंवा अंगणात नेऊन ब्लोअरने उडवा. उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू दिलीत तर बेअरिंग जातं.

अख्खा हीटसिंक, म्हणजे तो पात्यांचा ठोकळा, काढायचा असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आणूनच काढा, एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. मशीन आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, हीटसिंक हलका पिळा आणि उचला. एएमडीच्या बऱ्याच जुन्या प्रोसेसरला खाली पिना असतात. ओढून काढलं तर तो पिनांसकट वर येतो. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे.

आता कूलर. मार्चच्या अखेरीस खसच्या ताट्या लागतात आणि बऱ्याच घरांत कॉम्प्युटरचं टेबल नेमकं कूलरच्या समोर असतं, कारण माणूस तिथे बसतो. माणसाला ते सुखाचं, मशीनला नाही. ओलसर हवा आतल्या धुळीला चिकटवते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपटतात. टेबल झोताच्या बाजूला सरकवा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी मोठं काम लावू नका, पारा ४५ च्या पुढे असताना खोलीतली हवाच पंख्याला मदत करत नाही.

चालू करताना बीप-बीप येते आणि पडदा काळा राहतो? बहुधा रॅम. दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून काढा, पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने पुसा, कण झटका, 'टक्' असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. हा इलाज ऐकायला गावठी वाटतो आणि आश्चर्य वाटावं इतक्या वेळा लागू पडतो.

दर वेळी तारीख मागे जात असेल, किंवा प्रत्येक वेबसाइट 'असुरक्षित' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मदरबोर्डवरच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चिकट गळती दिसली तर घरगुती दुरुस्ती तिथे संपते.

पैसे कुठे घालावेत

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पैसे एकाच ठिकाणी घाला: साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. चार जीबी रॅम असेल तर त्यानंतर आठ करा, पण डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, जुना तुकडा सोबत नेऊन तसाच मागा. नव्या एसएसडीवर जुनी डिस्क क्लोन करण्यापेक्षा, म्हणजे जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा, विंडोज नव्याने टाकलेलं मला पसंत आहे, जुना कचरा मागे राहतो. जुनी डिस्क निदान दोन महिने जशीच्या तशी ठेवा. काय विसरलं ते तोवर आठवतं.

कोणतं विंडोज टाकायचं हा वेगळा पेच. विंडोज १० चं नेहमीचं साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, त्यामुळे दहा वर्षांची मशीन अधिकृतपणे त्यात बसत नाहीत. फक्त ब्राउझर, ईमेल, यूट्यूब चालत असेल तर लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंगही त्यात होतं. टॅली किंवा श्रीलिपीवर रोजी अवलंबून असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका, ते पैसे नव्या मशीनकडे वळवा.

आणि जूनमध्ये पहिले गडगडाट सुरू झाले की पॉवरच्या प्लगसोबत ब्रॉडबँडची केबलही काढा. वीज त्या वायरीतूनही येते आणि लॅन पोर्ट घेऊन जाते.

दुकानात द्यायची वेळ आली तर

बिघाड डिस्कचा नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचा डबा द्या. काढता येत नसेल तर निदान ब्राउझरमधून बँक आणि ईमेलचे खाते लॉगआउट करून द्या. पावतीवर रॅम आणि डिस्कची क्षमता, अनुक्रमांकासह, लिहून घ्या. "फॉरमॅट माझ्या परवानगीशिवाय नाही" हेही त्याच पावतीवर. बदललेला जुना पार्ट परत मागा. चांगला कारागीर याने दुखावत नाही.

जुनी डिस्क शेवटी टाकायचीच असेल तर तशीच भंगारवाल्याच्या तराजूत घालू नका. ती चालत असेल तर विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, काही तास लागतात, पण जुना मजकूर खरोखर पुसला जातो. चालतच नसेल तर ड्रिलने चकत्यांच्या आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ड्रिल करताना डोळ्यांना चष्मा हवाच. लॅपटॉपच्या अनेक डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, त्या तडकून उडतात.